टाकीजवळची घंटी

कंपनीने जुनं नेटवर्क बंद केलं. सून म्हणाली, "बाबा, या फोनला आता रेंज येणारच नाही. फोर-जीचा घ्या ना." मी चौथीपर्यंत शिकलेला, पण माझा फोन मला कळतो. तो घेऊन आमच्या फरीदाबादच्या घराच्या गच्चीवर गेलो. तापलेल्या काळ्या टाकीचा प्लॅस्टिकचा वास आला आणि ती दुपार आठवली.

तेव्हा रेंज फक्त या टाकीपाशीच यायची. माझी बायको सुमन पहिल्यांदाच एकटी साताऱ्याला, माहेरी गेली होती. ठरलेलं होतं, पोचली की एक घंटी देऊन कापायचं, मी उचलायचं नाही. टाकीला टेकून पाठ भाजत होती. शेजारच्या गच्चीवरून शर्माजींनी विचारलं, "यहाँ क्या कर रहे हो?"

"धूप सेंक रहा हूँ."

"जून में?" ते हसत सुटले.

तेवढ्यात घंटी वाजली. मला राहवलं नाही, उचलला.

"अहो, उचललात कशाला? पोचले ना मी!" सुमन ओरडली. पण फोन तिनेही ठेवला नाही. जेवलात का, दूध तापवलंत का, विचारत बसली.

आज पडद्यावर रेंजची एकही काडी नव्हती. उभं राहून पाय दुखले. सुमन वारली, तरी हा फोन मी रोज चार्ज करत आलो. या खेपेला पोचल्याची घंटी तिने दिली नव्हती.

खालून सुनेने हाक मारली, "बाबा, एवढ्या उन्हात काय करताय?"

"ऊन खातोय," म्हटलं.