मामांचा श्वास आणि माझी पीएचडी

आधी तो कप खाली ठेवा. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या शेजाऱ्यांना असा ठसका लागला की वहिनी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आता माझा पोपट आयुष्यात काय कमी वेळा झालाय? पण हा झाला तो तज्ज्ञांसमोर, भर सेमिनारमध्ये आणि पूर्णपणे स्वकष्टाने!

तर, मी इथे नाशकातच एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. विषय कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग. शिवाय पीएचडी करतो. करतो म्हणजे, गेली सात वर्षं करतोय. कुठल्याही लग्नात गेलो की अक्षता पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "काय, झाली का?" मी लग्नांना जाणं सोडलं, तर लोक फोन करून विचारायला लागले.

शेवटी युनिव्हर्सिटीने निर्वाणीचं पत्र धाडलं. या वेळचा प्रगती अहवाल तज्ज्ञांनी मान्य केला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द. सात वर्षांची मेहनत गोदार्पण!

विषय मात्र झकास आहे हं माझा. तुमच्या घरी वाय-फाय असतं ना? त्याच्या लहरी खोलीभर फिरत असतात. माणूस श्वास घेतो, छाती जराशी हलते, आणि तेवढ्यानेही त्या लहरींमध्ये फरक पडतो. तो बारीक फरक पकडायचा, गणित करायचं आणि सांगायचं की हा माणूस मिनिटाला इतके श्वास घेतोय. अंगाला वायर नाही, पट्टा नाही, काही नाही! जगभर यावर काम चाललंय. घरी एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्यासाठी केवढी सोय होईल सांगा.

लॅबमध्ये एका टोकाला राउटर ठेवला, दुसऱ्या टोकाला लहरी पकडणारा अँटेना. मधे खुर्ची, खुर्चीत माणूस. आणि अँटेनाला अगदी खेटून, लॅपटॉप घेऊन मी. का? तर वायर आखूड होती हो! लांब वायर हवी तर स्टोअरमध्ये अर्ज द्या, वर दोन सह्या आणा. कोण करणार ते? म्हटलं, बसू की जवळच.

सहा महिने मी कॉलेजातला दिसेल तो माणूस धरून त्या खुर्चीत बसवला. क्लार्क, शिपाई, कँटीनच्या मावशी, कोणाला सोडलं नाही. यंत्राचा आकडा खरा की खोटा ते ताडून बघायला मी समोरच्याकडे टक लावून स्वतः श्वास मोजायचो. एक… दोन… तीन… आणि काय सांगू, आकडे तंतोतंत जुळायचे! पंधराला पंधरा, अठराला अठरा. मी "श्वास रोखा" म्हटलं की पडद्यावरची रेघ सपाट. "सोडा" म्हटलं की लाट पुन्हा सुरू. मोठमोठ्या लॅबवाल्यांना जे जमत नव्हतं ते मला आखूड वायरीवर जमलं होतं. डोक्यात हवा जाणार की नाही?

माझे गाइड सर तसे संशयी. म्हणाले, "इतकं छान कसं काय येतंय?"

"सर, अल्गोरिदम!" मी छाती पुढे काढून म्हणालो. तीच छाती पुढे नडणार होती.

सेमिनारसाठी मला दमदार माणूस हवा होता. आमच्या हिचे मामा पिंपळगाव बसवंतला असतात. द्राक्षबाग, वय अडुसष्ट, तब्येत एकदम दणकट. मी फोनवर विचारलं, "मामा, श्वास किती वेळ धरता येईल?"

"जावईबापू, तरणा होतो तवा विहिरीच्या तळाची कळशी एका दमात वर आणायचो. आता लय नाय, पन दीड मिनिट कुठं गेलं नाय!"

दीड मिनिट सपाट रेघ! तज्ज्ञ उठून टाळ्या वाजवतायत, हे चित्र मला फोन ठेवायच्या आतच दिसायला लागलं.

त्या दिवशी मामा कडक इस्त्रीची टोपी घालून हजर. काखेत तज्ज्ञांसाठी द्राक्षांची पेटी. समोर गाइड सर, आमचे विभागप्रमुख आणि बाहेरगावाहून आलेल्या एक मॅडम. या विषयातल्या मोठ्या जाणकार, बोलणं कमी, चष्म्यावरून बघणं जास्त. मी उगाचच तीनदा वायर तपासली. मामा मात्र मांडीवर हात ठेवून देवळात बसावं तसे शांत.

मी यंत्र सुरू केलं. पडद्यावर आकडा आला, एकतीस!

"एकतीस?" मॅडम पुढे वाकल्या. "काका, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला? झ्याक हाय की!"

"नाही, नाही, आतून धाप लागलीये त्यांना," विभागप्रमुख उठलेच. "पाणी द्या! टोपी काढा!"

"टोपी कशापायी?" मामांनी दोन्ही हातांनी टोपी धरली.

इकडे आकडा चौतीस. विभागप्रमुखांचा आवाज चढला, "वाढतंय! अहो, वाढतंय! अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू का?" एवढा गलका ऐकून बिचाऱ्या मामांनीही हळूच स्वतःची नाडी धरून बघितली. "जावईबापू, काय ते खरं सांगा. सकाळी नुस्ती भाकर खाल्लीय म्या."

सात वर्षं डोळ्यांसमोरून निघाली होती. यंत्र बरोबर आहे हे आत्ताच्या आत्ता दाखवायला हवं होतं. मी ओरडलो, "मामा, श्वास रोखा!"

मामांनी गाल फुगवले, डोळे मिटले. आणि रेघ सपाट! दहा सेकंद, वीस, तीस. विभागप्रमुख खाली बसले. मॅडमनी मान डोलावली. चाळीस सेकंद झाले. मला वाटलं, जिंकलो! फक्त माझ्या कानात कसला तरी शिट्टीसारखा आवाज येत होता आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. टेन्शन, दुसरं काय!

पन्नासाव्या सेकंदाला मला राहवेना. मी भस्सकन श्वास सोडला आणि लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकायला लागलो. पडद्यावर हा एवढा डोंगर उठला! आकडा चाळीस! आणि खुर्चीत मामा? गाल तसेच फुगलेले, टोपी सरळ, दम शाबूत.

मॅडमनी चष्मा काढला. मामांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, तुम्ही दोन मिनिटं जरा बाहेर थांबता का?"

संपलं! नोंदणी रद्द करायची चर्चा माझ्यासमोर कशी करणार? मी लॅपटॉप चालूच ठेवून मुकाट बाहेर गेलो. व्हरांड्याच्या टोकाला उभं राहून आता हिला कुठल्या तोंडाने सांगायचं याचा विचार करतोय, तोच आतून विभागप्रमुखांची आरोळी आली, "गेले! अहो, काका गेले!"

मी धावत आत. रेघ सपाट, आकडा शून्य. विभागप्रमुख पडद्याकडे बघून कपाळ धरून उभे. आणि मामा खुर्चीत, धरलेला दम आत्ता कुठे सोडत त्यांनाच विचारतायत, "कोन गेलं?"

मी धापा टाकत अँटेनाजवळच्या माझ्या खुर्चीत कोसळलो. पडद्यावर टुणकन आकडा उगवला. बेचाळीस!

"आले बघा परत," मॅडम म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू त्यांना आवरेना.

आता पेटली का ट्यूब तुमची? माझी तेव्हा पेटली. अँटेना जवळच्या छातीचंच आधी ऐकणार, आणि जवळची छाती होती माझी! मग आकडे जुळायचे कसे? बाळाला घास भरवताना आई स्वतःच आ करते ना, तसं. समोरच्याचे श्वास मोजता मोजता माझाही श्वास त्याच्याच तालावर चालायचा. "रोखा" म्हटलं की मीही रोखायचो. सहा महिने मी अख्ख्या कॉलेजला खुर्चीत बसवून स्वतःलाच मोजत होतो! सेमिनारमधले एकतीस-चौतीसही माझ्याच घाबरलेल्या छातीचे; मी बाहेर गेल्यावरची सपाट रेघ तेवढी खरी, मामांनी धरलेल्या दमाची! कँटीनच्या मावशींना तर "तुम्हाला दम लागतो, तपासून घ्या" म्हणून डॉक्टरकडे धाडलं होतं. त्या ठणठणीत निघाल्या. तीन मजले चढून त्या दिवशी मी आलो होतो!

मामांनी पाठीवर थाप मारली. "जावईबापू, तुमचा दम लय कमी हाय. चार दिस आमच्या विहिरीवर या."

मॅडमनी डोळे पुसत अहवाल लिहिला आणि माझ्या हातात ठेवला. घाईत मी तो उलटाच धरला, पहिला शब्दच दिसेना. मग दिसला. ‘मान्य’! यंत्र आणि गणित दोन्ही उत्तम, एक वर्ष मुदतवाढ. मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

अकरा वर्षं मी पोरांना घसा फोडून सांगतोय की बाबांनो, स्वच्छ सिग्नल हवा असेल तर आधी नॉइज कुठून येतोय ते शोधा. मॅडमनी तो बरोबर शोधला होता. खाली सूचनांच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात, सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं: ‘नॉइजचा मुख्य स्रोत: संशोधक. पुढील प्रयोगाआधी खोलीबाहेर काढावा.’