कोनं निवडलं याले?

इंगळे मॅडम पेढा तोंडात टाकण्याआधी मोडून बघत. आत काय असणार, पेढाच, पण बघत. बसच्या तिकिटावरचं गावाचं नाव वाचून झाल्याशिवाय कंडक्टरला पुढे सरकू देत नसत आणि शाळेत कुणी जरा जास्त गोड बोललं, की सरळ विचारत, "काय काम हाये?" अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि ग्रंथालयही सांभाळायच्या. मी अमरावतीहून रोज अप-डाऊन करणारा मराठीचा मास्तर. रुजू झाल्याच्या दिवशी त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "अमरावतीत शाळा नाईत का?" पहिले सहा महिने त्या मला कुणाचा तरी वशिल्याचा माणूस समजत होत्या.

ग्रंथालयात नवी कादंबरी आली, की मुलींच्या हाती पडण्याआधी ती मॅडमच्या हातून जायची. नायकाच्या अंगावर जन्मखूण आहे का, कुणा साधूने त्याच्याबद्दल आधीच काही सांगून ठेवलंय का, गुराख्याकडे वाढलेला पोरगा शेवटी राजाचा निघतो का, हे त्या पोलिसी नजरेने तपासत. तसं काही सापडलं की चष्मा कपाळावर चढायचा आणि ठरलेला प्रश्न यायचा, "कोनं निवडलं याले?" मग ते पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर जायचं. बंदी नव्हती, पण मुलीला ते हवं असेल तर स्टूल आणावं लागायचं.

त्यांचा जीव अडकायचा तो भलत्यांमध्येच. नायकाला नदीपार नेणारा नावाडी, त्याला कणगीत लपवून स्वतः मार खाणारी बाई, असली एका पानापुरती माणसं. वर्गात गोष्ट सांगताना अशी बिननावाची बाई आली, की मॅडम थांबत. "हे बाई जिवावर उदार झाली, आन लेखकाले तिचं नाव सुचलं नाई. पोरीहो, हिचं नाव गिरजा समजा." प्रत्येक गोष्टीत गिरजाच. मुली हसायच्या. मलाही गंमत वाटायची.

तेव्हा मी मुलांसाठी एक कादंबरी लिहीत होतो. नायकाच्या तळहातावर चांदणीची खूण आणि गावावरचं संकट त्यानेच टाळायचं, असं विधिलिखित. मोठ्या हौसेने मॅडमना वाचायला दिली. मधल्या सुट्टीत त्यांनी कागद परत केले.

"सर, हा पोट्टा पह्यल्याच पानावर पास झाला. मंग बाकीचा पेपर कायले लिवून राह्यला?"

"मॅडम, लोकांना असे नायक आवडतात," मी म्हणालो.

"आवडतेच ना. चांदनीवाला हाये म्हनलं, का गाव झोपाले मोकळं. आन त्या पोट्ट्याले कोनी इचारलं का, का बापा, तुले हे पाह्यजे का म्हनून?"

मला राग आला. स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही आणि निघाल्या शिकवायला, असं मनात म्हणून मी डबा उघडला. यामागे काही दुखणं असेल, असं मला वाटलं नव्हतं. ते कळलं दर्यापूरला.

मॅडमची मुलगी दर्यापूरला दिलेली. तिला दोन मुली. धाकटीच्या वेळी सोनोग्राफीत बाळाचे पाय खाली दिसले, म्हणून सिझर झालं. एवढ्यावरून सासूबाईंनी पोरगी पायाळू ठरवली. पायाकडून जन्मलेल्या माणसाने लाथ लावली की पाठीत भरलेली उसण जाते, त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, धन दिसतं, असं आपल्याकडे मानतात. "पोट चिरून काढलेल्या पोरीले पाय काय आन डोकं काय!" असं मॅडम चिडून म्हणत, पण पोर सहा वर्षांची झाली तशी अंगणात पाठी घेऊन माणसं येऊ लागली. बाजाराच्या दिवशी शाळा बुडू लागली. आणि एक दिवस मुलीचा फोन आला: कुणी एक माणूस विहिरीची जागा पाहायला पोरीला नेतो म्हणतोय, शनिवारी येणार आहे.

मॅडमचा चेहरा उतरला. "सर, चालता का संगं?" एवढंच म्हणाल्या. त्यांनी कुणाला सोबत मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चटईवर एक म्हातारबा पालथे झोपले होते आणि त्यांच्या पाठीवर ती चिमुरडी एक पाय टेकवून उभी होती. कंटाळलेली, नाकात बोट घातलेली. बाजेवर पांढऱ्या कपड्यातला तो माणूस चहा पीत बसला होता. त्याच्या पायाशी कापडी पिशवी होती. पेढा मोडून बघणारी बाई पिशवी कशी सोडेल? मॅडमनी ती सरळ उघडली. आत नारळ, लिंबं आणि लहान मुलीचा कोरा लाल झगा.

"पानी पाह्याले नवा झगा कायले लागते?"

"रीत आहे, ताई."

"वावर कोनतं?"

"बाळापूरकडं."

"बाळापूरकडं कोनतं गाव? पोलीस पाटील कोन हाये तिथचा? फोन लावा, मी बोलतो."

तो हसला, मग हसायचा थांबला. चहा अर्धा टाकून, पिशवी उचलून निघून गेला. गुप्तधनासाठी लहान मुलींचे बळी दिल्याच्या बातम्या मी पेपरात वाचल्या होत्या; काय टळलं, ते मला कळलं.

पण विहीणबाई उसळल्या. "दारातला मानूस घालवला तुमी! देवानं पोरीले देल्लं हाये, तुमच्या पोटात काहून दुखते?"

मॅडम ओट्यावर बसल्या. "विहीणबाई, मी बी पायाळूच होती. लहानपनी शाळेतून आली का अंगनात पाठी मांडून ठेवल्या राहे. अर्ध्या गावाची उसन काढली म्या. आन मरताना मायनं सांगतलं, का बाई, तू डोक्यानंच जन्मली होती. दाईनं खोटं सांगतलं."

म्हातारबांनी चटईवरून मान वर केली. "मंग त्या लोकायची उसन गेली कशी?"

"दोन-चार दिसात आपोआप जाते थे, बुवा. उठा आता."

म्हातारबा कंबर धरून उठले. विहीणबाईंनी नातीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "दुसरी पोरगीच ना हे. आता हिचं राह्यलं काय?"

"पोरगी राह्यली ना, बाई," मॅडम म्हणाल्या. "थेच सांभाळा."

मॅडम जाऊन आता वर्ष होत आलं. नात रोज शाळेत जाते, गणितात रडते, धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिली येते. माझ्या कादंबरीतल्या पोराच्या तळहातावरची चांदणी मी काढून टाकली. त्याला हातात घेणाऱ्या सुईणीला पहिल्याच पानावर गिरजा हे नाव दिलं. आता ती छापून येईल तेव्हा खोट काढायला मॅडम नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ते नाव कुठलं, हे मला त्या शनिवारी परतीच्या बसमध्ये कळलं. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. दाई खोटं का बोलली, असं मी विचारलं.

"माह्याआधी दोन पोरी होत्या घरात. आजी दाराशी उभी. तिसरी बी पोरगीच म्हनल्यावर तिचं तोंड पाह्यलं गिरजाबाईनं. लगेच म्हने, पोरगी हाये, पन पायाळू हाये, जीव लावा, बरकत येईन. मंग लावला जीव. दूध भेटलं, शाळा भेटली. लाथा माराले लावल्या, पन जितं ठेवलं."

मी म्हणालो, "म्हणजे मॅडम, तुम्हालाही कुणीतरी निवडलंच की."

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मलेच निवडलं असतं तं गोष्ट येगळी. आमच्या गावात माह्या वक्ताच्या किती पोरी पायाळू होत्या, सर! गिरजाबाई ज्या घरात गेली, तिथं पायाळू. पोट्टा एक बी निघाला नाई. आन साऱ्या गावात कोनाले संशय आला नाई." मग खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "मले बी नाई."