पाहुण्यांना आधीच सांगितलेलं

कुरुळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना हळू बोलताच येत नाही. त्यांच्या नवऱ्याला मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. हातपाय आपोआप हलत राहतात, घास काकूच भरवतात. दिवाळीनंतर मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा दीर म्हणाला, "दादाला आत बसवा, वहिनी."

काकूंनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाहुण्यांशेजारीच आणून बसवलं.

"ह्यांचा आजार रक्तातला हाय. पोरीलाबी होऊ शकतो. तीच म्हणली, आधी सांग."

मी पोह्यांच्या बश्या घेऊन उभीच राहिले. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला जरा विचार करू द्या."

होकार आठ दिवसांनी आला. काकू मात्र पाहुणे गेले त्याच दुपारी नवऱ्याशेजारी निवांत झोपल्या होत्या.