कानसेनचे नवे कार्ड

माझ्या ताईच्या धाकट्या दिराला सगळे कानसेन म्हणतात. नाव त्याने स्वतःच पाडून घेतले आहे. बॉनेटवर उजवा कान टेकवायचा, डोळे मिटायचे आणि "तिसरा सिलिंडर जरा रडतोय" असे पुटपुटायचे, एवढ्या भांडवलावर त्याने जन्मभर गॅरेज चालवले. फोन मात्र तो डाव्या कानाला लावतो, कारण उजव्याने त्याला धड ऐकू येत नाही. हे इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आले नाही. गिऱ्हाइकेही तशीच.

मी कारखान्याच्या तपासणी खात्यात होतो. सुट्या भागांची जाडी मोजायची आणि चुकलेल्यावर लाल शिक्का मारायचा. शिक्का मारताना समोर माणूस नसतो, म्हणून ते जमले.

ताईच्या नवऱ्याची जुनी, गोल दिव्यांची गाडी होती. तो असेपर्यंत त्याने ताईला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "गिअर नाजूक आहे" म्हणायचा. दर रविवारी घाटमाथ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे आणि ताईने थर्मास उघडायचा. तो गेल्यावर ताई गाडी शिकली. आता तिचे लायसन महिनाअखेर संपत होते आणि डोळ्यांमुळे ते पुन्हा मिळणार नव्हते. तिला एकदाच, स्वतः चालवत, टाकीपर्यंत जायचे होते.

त्याआधी इंजिनाचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या उघडमीट करणाऱ्या झडपा, बघून घ्याव्यात म्हणून तिने कानसेनला बोलावले.

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यात केसाएवढी फट लागते. तापला की व्हॉल्व्ह लांबतो, त्याला तेवढी जागा हवी. फट असली की इंजिन हलके टिकटिकते. ती चांगल्या तब्येतीची खूण. फट मोजायला पोलादी पाती मिळतात. कानसेनची पाती कधीच हरवली होती. तो स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड सरकवायचा. कार्ड जरा अडले की झाले. जुने कार्ड नशिबाने हव्या त्या जाडीचे होते, आणि ते श्रेय तो कानाला द्यायचा.

यंदा त्याने नवी कार्डे छापली. चार रंगांत, फोटोसकट, "जुन्या गाड्यांचे माहेरघर". कागद असा की फुंकरीने उडावा.

एकामागून एक आठही व्हॉल्व्हना त्याने स्वतःचा फोटो दाखवला. मग गाडी सुरू केली.

"ऐका वहिनी! काही वाजतंय?"

"नाही हो भाऊजी. अगदी शांत."

"याला म्हणतात हात!"

मी म्हणालो, "पण ती फट..."

"मास्तर, ही गाडी आहे. तुमचं खातं नाही, आला भाग की मार शिक्का!"

मी त्याचे एक नवे कार्ड तेवढे खिशात घातले. घरी मोजले. घरात पडलेले त्याचे जुने कार्ड पॉइंट तीस मिलिमीटर, नवे पॉइंट बारा. ताईला फोन केला तर उचलला कानसेननेच. तो तिच्याकडे जेवायला बसला होता.

"काय? कार्ड मोजलंत? बरं झालं, तेवढाच वेळ जातो तुमचा!" आणि फोन ठेवला. मी पुन्हा केला नाही. माझ्याबद्दल काही चांगले लिहायचे होते ते इथे संपते.

त्यानंतर ताईने पंधरा दिवस रोज गावाबाहेरच्या रस्त्यावर सराव केला. शेवटच्या रविवारी तिने गाडी घाटात घातली. शेजारी कानसेन, मागे मी आणि थर्मास. तिसऱ्या वळणावर इंजिन खोकायला लागले, दम गेला आणि गाडी कडेला उभी राहिली. कानसेनने कान टेकवला, डोळे मिटले.

"वहिनी, क्लच जाळलात तुम्ही."

ताई स्टिअरिंग धरून बसून राहिली. गाडी दुसऱ्या गाडीमागे बांधून खाली आणली.

इंजिन दुसऱ्या गॅरेजात उघडले. क्लच ठणठणीत होता. फट न राहिल्याने व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता, आणि त्याची कड बिस्किटाचा घास घ्यावा तशी जळून गेली होती. नवा व्हॉल्व्ह परदेशातून यायला सात आठवडे लागले. लायसन तोवर संपले होते. कानसेन चौकात सांगत फिरला की बाईमाणसाचा पाय जड असतो.

व्हॉल्व्ह बसवल्यावर फट मी लावली, पात्यांनी, दोनदा मोजून. इंजिन टिकटिकू लागले. कानसेन आलाच.

"वाजतेय! वाट लावलीत मास्तर."

"वाजू दे," ताई म्हणाली. "आणि भाऊजी, एकदा डावा कान टेकवून बघा ना."

मला वाटत होते की हे फक्त मलाच माहीत आहे. कानसेनचा हात उजव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

ताई आता रोज सकाळी गाडी फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत नेते आणि परत आणते. अंगणात लायसन लागत नाही. भिंतीपाशी ती गाडी थांबवते, थर्मास उघडते आणि मला चहा देते.