सहकुटुंब शब्दकोडं

२७ डिसेंबर, शनिवार. काम : पोतंभर कांदा चिरणे. कारण : शब्दकोडं.

आमच्या भुईगावात चर्चच्या नाताळ अंकासाठी यंदा मी शब्दकोडं केलं. साधंसुधं नाही, शब्दांच्या माहेराचं! अर्धे शब्द पोर्तुगीज घराण्यातले, अर्धे ग्रीक. ‘पोर्तुगीज गेले, पण दाराशी हिला ठेवून गेले’ म्हणजे चावी. हे कुणालाही सुटणार. म्हणून ग्रीक घातले : ‘वर्तुळाच्या पोटात बसलेला ग्रीक’ म्हणजे केंद्र, ‘डोंगर फोडणारा ग्रीक’ म्हणजे सुरुंग, ‘पंचांगात घुसलेला ग्रीक’ म्हणजे होरा. आता सोडवा म्हणावं!

या खात्रीवरच मी खाली छापायला दिलं : ‘सर्व उत्तरे बरोबर देणाऱ्यांना आमच्या घरी सहकुटुंब जेवण.’

आमचे हे म्हणाले, “सहकुटुंब कशाला?”

“शोभतं.”

“आणि सगळ्यांचंच बरोबर आलं तर?”

“ग्रीक आहे ते! तुम्हाला तरी एक आलं का?”

यांनी कागद उलटा करून पाहिला. (यांना एकही आलं नव्हतं. हाच माझा पुरावा!)

पण मी पडले काटेकोर. छापून चुकीचं जायला नको म्हणून मसुदा घेऊन फादरांकडे गेले. पाद्री व्हायच्या अभ्यासात ते ग्रीक शिकलेले. कागद वाचता वाचता त्यांचा चेहरा असा खुलला, जणू परदेशात गाववाला भेटला. “बाई, इतक्या वर्षांत या गावात मला ग्रीक कुणी विचारलं नव्हतं!” मी तरंगतच घरी आले.

अंक निघाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार. मी नेहमीप्रमाणे पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रार्थनेला, जाऊन आले. तिथे म्हातारी माणसं आणि मी. सारा गाव दुसऱ्या मिस्साला असतो. आणि दुसऱ्या मिस्साला फादरांनी प्रवचन केलं : प्रभू आपल्या जीवनाचं केंद्र कसा, पापाला सुरुंग कसा लावावा, आणि प्रभूच्या आगमनाचा होरा कसा ओळखावा. प्रत्येक शब्द मूळ ग्रीकसकट! दोनदा!

शेजारची फ्लोरीमावशी दुपारी ओट्यावर येऊन म्हणाली, “काय प्रवचन झालं गं! आमच्याकडं लोक पेन घेऊन बसलेले.”

“चर्चमध्ये पेन?”

“अंक व्हता ना हातात!”

आठवड्याभरात उत्तरांनी पिशवी भरली. मी एकेक कागद लाल पेनने तपासला. चूक शोधत होते, देवाशप्पथ! चूक नव्हती. ज्याला स्वतःच्या नातवाचं नाव धड लिहिता येत नाही, त्यानेही ‘सुरुंग’ बिनचूक लिहिला होता.

“चिठ्ठी टाकून एकच काढू,” हे म्हणाले.

“‘सर्व’ छापलंय. शब्द फिरवला तर संध्याकाळपर्यंत पार पलीकडच्या उमेळे गावाला कळेल!”

तर आज सगळे आले. सहकुटुंब म्हणजे आमच्याकडे आजेसासूपासून तान्ह्यापर्यंत, वर सुट्टीवर आलेला आखातातला भाऊ. आमचं नाताळचं डुकराचं मटण पहिल्या पंगतीतच संपलं. दुसऱ्या पंगतीला कोंबड्या कापल्या. तिसरीला मी वाल शिजवले आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

“पयल्या पंगतीला मटन होतं म्हनं?” कुणीतरी विचारलंच.

“उत्तर आधी आणून दिलेल्यांना,” मी ठोकून दिलं.

फादर पहिल्या पंगतीला होते. पोटावर हात फिरवत म्हणाले, “बाई, ज्ञान वाटल्यानं वाढतं!”

“हो फादर. मटण नाही वाढत.”

२८ डिसेंबर, रविवार. आज सकाळी मी मुद्दाम दुसऱ्या मिस्साला गेले. आता हा माणूस काय काय बोलतो, ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं. फादर दानशूरपणावर बोलले. उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं. सारा गाव वळून माझ्याकडे बघायला लागला, आणि मी चेहरा नम्र ठेवायचा प्रयत्न करत राहिले.

बाहेर पडताना फ्लोरीमावशीने गाठलं. “ईस्टरला पन कोडं हाय ना गं?”

हे मागून माझ्या पदराला हिसके देत होते.

“आहे तर!” मी म्हणाले. “या वेळी जरा कठीण काढते.”