ज्याच्यासमोर नाव निघालं

रुग्ण: पुरुष, विवाहित, मध्यम बांधा. व्यवसाय: फ्रिज व एसी दुरुस्ती, सध्या स्थगित. उजवा हात व उजवा पाय: असहकार. वाचा: नाही. आकलन: अनिश्चित. तक्रार: बोलत नाही. तक्रारदार: पत्नी. रुग्णाची स्वतःची काही तक्रार असल्यास ती नोंदवता आलेली नाही.

वरील इसमाला सगळी गल्ली थंडा मिस्तरी म्हणायची. नाव धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती. तो कंप्रेसरला कान लावून बसायचा. गिऱ्हाईक मागे उभं राहून विचारायचं, "काय झालंय हो?" तो म्हणायचा, "बघतो." काम संपलं की म्हणायचा, "झालं." या दोन शब्दांवर त्याने दुकान चालवलं, संसार केला, मुलीचं लग्न लावून दिलं, आणि कोणाचं काही अडलं नाही. बायको शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे भिंतींना कान आहेत, नवऱ्याला तोंड नाही."

झटका आला तो दुकानातच. एका उघड्या फ्रिजपुढे तो बसला होता, तो बसूनच राहिला. गिऱ्हाईकाला वाटलं, ऐकतोय. बराच वेळ कोणी हाक मारली नाही, कारण कामात असताना त्याला हाक मारायची पद्धत नव्हती.

जीव वाचला. मग इस्पितळाच्या मागच्या अंगाला असलेल्या एका खोलीत त्याला आणायला सुरुवात झाली. तिथे एक बाई गेलेली वाचा परत आणायचं काम करत. त्यांना सगळे बोलक्या बाई म्हणत. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, आवाज करणारा पंखा आणि चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. बाईंनी आधीच स्पष्ट केलं होतं: जो सुधारतो त्याची खुर्ची राहते, जो सुधारत नाही त्याला 'घरी सराव करा' म्हणून निरोप देतात, कारण बाहेर रांग आहे. यात त्यांना आनंद होता असं नाही.

बायकोला खुर्चीपेक्षाही एक गोष्ट हवी होती. तो आत आहे की नाही, हे कोणीतरी एकदा सांगून टाकावं. मुलगी फोनवर म्हणायची, "अम्मी, अब्बांना सगळं कळतं." नणंद समोर बसून म्हणायची, "वहिनी, काही कळत नाही त्याला. उगाच जीव काढू नकोस." ती दोघींनाही "हो" म्हणायची. रडणं तिला जमत नव्हतं. सुरुवातीला थोडं जमलं, मग तेही बंद पडलं.

एके दिवशी होडीचं चित्र आलं.

"हे काय आहे, मिस्तरी?" बाईंनी विचारलं.

मिस्तरी चित्राकडे बघत राहिला. बायकोला राहवलं नाही. "अहो, सोपं आहे. नूह अलैहिस्सलाम कशात बसले होते?"

"अलैहिस्सलाम," मिस्तरी म्हणाला.

स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाईंच्या हातातलं चित्र खाली आलं. बायकोने मांडीवरची पर्स एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"असं होतं," बाई म्हणाल्या. "लहानपणापासून तोंडी बसलेलं असतं ते टिकतं. काही जण शिव्या देतात. माझ्याकडे एक आजोबा आहेत, ते 'हॅलो, कोण बोलतंय' एवढंच म्हणतात, दिवसभर. पण ते बोलणं नव्हे, ताई."

"मग काय?"

"सवय."

बायको घरी आली आणि सवयीला लागली. भाकरी वाढताना मूसा, औषध देताना इब्राहिम, चादर बदलताना युसूफ. प्रत्येक पैगंबराला ती 'अलैहिस्सलाम' म्हणत सलाम पाठवायची, आणि मागोमाग मिस्तरी पाठवायचा. घरात पुन्हा पुरुषाचा आवाज आला, शब्द एकच असला तरी. तसा पूर्वीच्या मानाने फार तोटा नव्हता. एकच शब्द कमी झाला होता.

नणंदेने हे दोन वेळा ऐकलं आणि तिसऱ्या वेळी ती उखडली. "वहिनी, नबींची नावं म्हणजे काय दिव्याचं बटण आहे? दाबलं की माणूस पेटतो?"

"पेटतो ना."

"पाप लागेल."

"कसलं पाप? मीही सलाम पाठवते, तेही पाठवतात. दोघांचं पुण्यच जमा होतंय. तुम्ही आलात की तुम्हीही म्हणता, म्हणजे तिघांचं."

नणंदेने पाणी मागितलं.

पुढच्या खेपेला बोलक्या बाईंनी पत्ते काढलेच नाहीत. "ताई, मला एक समजावून सांगा. पैगंबरांचं नाव आलं की तुम्ही हे का म्हणता?"

बायकोला कोणी कधी हे विचारलं नव्हतं. श्वास का घेता असं विचारल्यासारखं तिने पाहिलं. "सलाम असतो तो. त्यांच्यावर शांती असो, म्हणून दुआ करायची. आमच्या शेवटच्या नबींसाठी तर कुराणातच आहे, अल्लाह आणि त्याचे फरिश्ते त्यांच्यावर दुरूद, म्हणजे सलाम-दुआ, पाठवतात, तुम्हीही पाठवा. अल्लाह स्वतः पाठवतो म्हटल्यावर आपण कोण टिकोजीराव गप्प बसणार?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"ज्याच्यासमोर त्यांचं नाव निघालं आणि ज्याने म्हटलं नाही, तो खरा कंजूष. असं आहे."

"म्हणजे नाव घेणाऱ्यानेच म्हणायचं असं नाही. ऐकणाऱ्यानेही?"

"तर! ऐकलं की द्यायचंच."

"आणि नाव न घेता नुसती गोष्ट सांगितली तर?"

"कोण ते कळलं ना? मग झालं. नाव कशाला हवं?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "माझी अडचण सांगते. आधी तुम्ही म्हणता, मग ते म्हणतात. ते उत्तर देतायत की नुसता तुमचा आवाज परत येतोय, मला कळत नाही. आज तुम्ही नाव घ्या, पण पुढचं म्हणू नका."

बायकोने मान हलवली. "इब्राहिम अलैहिस्सलाम," ती म्हणाली.

"ताई."

"हो, चुकलं. मूसा अलै..." तिने तोंडावर हात मारला, पण उशीर झाला होता. "बाई, शिंक दाबता येते. हे नाही दाबता येत. नाव आलं की ते मागून येतंच."

"बरं, मग मीच गोष्ट सांगते. नाव घेत नाही. तुम्ही अक्षर काढायचं नाही."

"मनात म्हटलं तर?"

"मनातलं मला ऐकू येत नाही. खुशाल म्हणा."

बायकोने ओढणीचं टोक तोंडात धरलं. बाईंनी मिस्तरीकडे तोंड केलं आणि एका पैगंबरांची गोष्ट शाळेत सांगतात तशी सुरू केली. "एक भला माणूस होता. लोक त्याचं ऐकेनात, म्हणून रागावून निघून गेला. जहाजात बसला. वादळ आलं. लोकांनी त्याला समुद्रात टाकलं. एका मोठ्या माशाने त्याला गिळलं. आत सगळा अंधार. तिथे त्याने देवाची माफी मागितली. मग माशाने त्याला किनाऱ्यावर सोडलं."

गोष्ट संपली. पंखा चालू होता. बाहेर कोणीतरी रांगेवरून भांडत होतं. मिस्तरी बाईंकडे बघत होता, कंप्रेसरकडे बघायचा तसा. बाईंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

मग मिस्तरीची मान वळली. बाईंकडून बायकोकडे. त्याने तिच्या तोंडातल्या ओढणीकडे पाहिलं, आणि वाट बघितली. ती काहीच म्हणेना. डावी भुवई वर गेली. या बाईला आज झालंय काय, एवढा स्पष्ट प्रश्न तिने त्या तोंडावर कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"अलैहिस्सलाम," तो तिला म्हणाला. सावकाश, विसरलेल्याला आठवण करून द्यावी तसा.

तिने ओढणी काढली. "अलैहिस्सलाम," ती म्हणाली.

मिस्तरीने मान पुन्हा भिंतीकडे वळवली. काम झालं होतं.

"तुमची चूक काढली त्यांनी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा बदलला होता.

"हो."

"त्यांना समजतं, ताई. गोष्ट समजली, कोणाची ते समजलं, तुम्ही गप्प आहात हेही समजलं. खुर्ची राहील त्यांची." मग त्यांनी विचारलं, "बरं वाटलं ना?"

बायकोने विचार केला. आत कुठे काही हलतंय का, हे तिने खरोखर पाहिलं. "काय माहीत," ती म्हणाली.

बाईंनी नोंद केली ती अशी: आकलन शाबूत. रुग्ण प्रसंगानुरूप संवादास प्रवृत्त होतो. पत्नीशी संवाद समाधानकारक. घरातील वातावरण वाचेच्या पुनर्प्राप्तीस पोषक. उपचार चालू ठेवावेत.

संध्याकाळी दोघं जेवले. भाकरी वाढताना आज तिने कोणाचं नाव घेतलं नाही.