डोळे मिटून लावलेला गिअर

सायकल दुरुस्तीला आली की बहुतेक मेकॅनिक आधी खाली वाकून बघतात. कानसेन बघत नसे. तो सायकल स्टँडवर टांगायचा, डोळे मिटायचा, एका हाताने पेडल फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने एकेक गिअर बदलत जायचा. आणि ऐकायचा. गिऱ्हाईक शेजारी उभं असलं तर तेही उगाच श्वास रोखून धरायचं. मग डोळे न उघडताच तो निकाल द्यायचा. "केबल सैल पडलीय." "केबल आतून गंजलीय, म्हणून उतरताना गिअर रेंगाळतोय." "चेन झिजलीय, आता तिला पेन्शन द्या." आणि ते बरोबर निघायचं, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. अर्थात त्याला वैरी कुणी नव्हता. एवढा मोठा तो माणूस नव्हता.

कानसेन हे नाव त्याला मामाने दिलं होतं. दुकान मूळचं मामाचं. भाच्याला आवाजावरून बिघाड कळतो हे मामाने पहिल्यांदा ओळखलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. मामा गेला, दुकान भाच्याकडे आलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तर बायकोही लोकांसमोर "आमचे कानसेन" म्हणू लागली. त्याला ते मनापासून आवडायचं. गिअर वाकला आहे का ते मोजायची एक लांब दांड्याची पट्टी मिळते, ती इतर दुकानांतून आली तेव्हा तो म्हणाला होता, "ज्यांना कान नाहीत त्यांनी घ्यावी." हे वाक्य त्याने नंतर इतक्यांदा वापरलं की बायको त्याच्या आधी ते पूर्ण करायची.

आणि मग त्याचे कानच जायला लागले.

एकदम नाही गेले. आधी बारीक आवाज गेले. दारावरची बेल गेली. मोबाइलची पिपाणी गेली. माणसांचं बोलणं येत होतं, पण कडा झिजून, अर्धं ऐकून अर्धं अंदाजाने भरून काढावं लागायचं. बायको म्हणाली, "एकदा दाखवून या. तुमच्याशी चार शब्द बोलायचे तर शेजारपाजारच्यांना आमचं सगळं घर पाठ झालं." तो म्हणाला, "सर्दी झालीय." ही सर्दी चांगली वर्षभर टिकली.

खरं कारण वेगळं होतं. कानामागे ते ऐकायचं यंत्र लावून तो दुकानात बसला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं? तोंडावर कुणी काही बोललं नसतं, आणि तेच त्याला नको होतं. म्हणून त्याने काम तसंच चालू ठेवलं. डोळे मिटायचे, पेडल फिरवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि केबल ताणायचा गोल स्क्रू किंचित फिरवायचा. गिअरच्या दहा तक्रारींतल्या बऱ्याचशा तेवढ्यानेच जातात. हाताला सवय होती, नशीब बरं होतं, वेळ मारून नेली जात होती.

औषधाच्या दुकानात काम करणारी ताई त्याच्याकडे आली ती अशा काळात. पुलापलीकडच्या त्या दुकानात ती रोज सायकलने जायची आणि पुलाचा चढ चांगलाच खडा होता. ती म्हणाली, "काका, चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की मागून टिकटिक येते. बाकीच्या गिअरांत काही नाही."

इथं कुठलाही साधा मेकॅनिक एक प्रश्न विचारतो. सायकल उजव्या अंगावर पडली होती का? कारण पडली असेल तर मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला लटकतो ती पट्टी आत वाकते. मग हलक्या गिअरला, म्हणजे सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन गेली की गिअरचा पिंजरा, ज्यातून चेन फिरते तो, चाकाच्या तारांना चाटू लागतो. एवढं विचारायचं आणि मागून एकदा डोळे उघडून बघायचं. पिंजरा चकत्यांच्या रेषेत नसला तर ते आंधळ्यालाही दिसेल. पण कानसेनने कधी गिऱ्हाइकाला प्रश्न विचारले नव्हते. त्याने डोळे मिटले.

त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याने स्क्रू थोडा फिरवला आणि म्हणाला, "गेली."

ताईने मान तिरकी केली. "अजून येतेय का हो बारीकशी?"

"ती फ्रीव्हीलची. ती असायचीच."

थोड्या दिवसांनी ती परत आली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती आणि त्या दिवशी गल्ल्यावर बायकोही बसली होती. ताई अवघडून म्हणाली, "काका, माझ्या मनाचे खेळही असतील, पण मला ती टिकटिक अजून ऐकू येते."

कानसेनने सायकल टांगली, डोळे मिटले, पेडल फिरवलं. शांत. सगळं कसं छान शांत. आणि त्या शांततेत त्याला दरदरून घाम फुटला, कारण आजूबाजूची माणसं ज्या तऱ्हेने गप्प उभी होती त्यावरून त्यांना काहीतरी ऐकू येत असावं असं त्याला वाटलं. त्याने डोळे उघडले आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, "ताई, चढ लागल्यावर जोर लावून गिअर बदलता ना तुम्ही?"

"कधी कधी... हो."

"तिथंच चुकतं. चढ लागायच्या आधी बदलायचा. बदलताना पाय हलके ठेवायचे. सायकलला काही झालेलं नाही. चालवणाऱ्याने नीट चालवली की सायकल नीट चालते."

यातला शब्द न् शब्द खरा होता. कुठल्याही मेकॅनिकने हेच सांगितलं असतं. खोटं बोलण्यासाठी त्याने खऱ्या गोष्टीचा आडोसा घेतला होता, आणि हे त्याला बोलतानाच कळत होतं. एक गिऱ्हाईक हसलं. ताईचा चेहरा उतरला. "सॉरी काका, तुमचा वेळ घेतला," म्हणून ती सायकल घेऊन गेली.

जेवताना बायको म्हणाली, "टिकटिक येत होती."

"कसली?"

"तिच्या सायकलची. मला गल्ल्यावरून ऐकू येत होती."

"तुला काय कळतं त्यातलं," कानसेन म्हणाला. बायकोने ताट उचललं. त्याला वाटलं, विषय मिटला.

पुढच्याच आठवड्यात ताईचा धाकटा भाऊ सायकल खांद्यावर टाकून आला. सायकल ढकलण्याजोगी राहिली नव्हती. पुलाच्या चढावर मागचा गिअर चाकात शिरला होता, तारा तुटून बाहेर आल्या होत्या, चेन कशीतरी गुंडाळून बसली होती. चाक जागच्या जागी जाम झालं आणि ताई हातावर पडली. मनगट मोडलं. मागून येणाऱ्या गाडीने वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर मनगटावर भागलं नसतं.

"ताईने तुम्हाला आवर्जून सांगायला सांगितलंय," भाऊ म्हणाला, "चूक तिचीच. चढ लागल्यावर गिअर बदलला. तुम्ही समजावलं होतं तरी तिच्या लक्षात राहिलं नाही. आम्हीही घरी तिला हेच म्हणतोय, येत नाही तर गिअरची सायकल हवी कशाला. हातपाय चालतात पण डोकं नाही." तो मोकळेपणाने हसला. मग जाता जाता म्हणाला, "तिच्या औषधाच्या दुकानासमोर एकदा पडली होती सायकल, तेव्हापासूनच काहीतरी कुरकुर होती म्हणा."

भाऊ गेला. कानसेनने सायकल टांगली आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. त्याने तारांत अडकलेला गिअर पकडीने सोडवून काढला आणि उजेडात धरला. बाहेरच्या बाजूला पडल्याचा ओरखडा होता, त्यात जुनी धूळ भरलेली. आतल्या बाजूला, पिंजऱ्याच्या कडेवर, एक बारीक चकचकीत रेघ होती. तारांनी घासून घासून पाडलेली. अशी रेघ एका फटक्यात पडत नाही. त्यासाठी तारांना दिवसेंदिवस तिथं टिकटिक करावी लागते.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईचा हात मोडला म्हणून तर झालंच, पण ती माफी मागतेय म्हणून जास्त. तिने येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर त्याने खाली मान घालून ऐकल्या असत्या, निदान तेवढ्या मोठ्या आवाजातल्या ऐकूही आल्या असत्या. आता मात्र कुणी काही विचारणारच नव्हतं. नवी पट्टी, नवा गिअर, नव्या तारा घालून सायकल परत दिली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. उलट लोकांनी म्हटलं असतं, बघा, कानसेनने आधीच सांगितलं होतं. हा विचार त्याच्या मनात आला, थोडा वेळ राहिलाही, आणि त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

बायको दुकानात आली तेव्हा कानसेन तो गिअर हातात घेऊनच बसला होता. त्याने रेघ दाखवली. तिने बघितली. 'मी म्हटलं नव्हतं का?' हे ती म्हणाली नाही.

"जाऊन सांगतो तिला," तो म्हणाला.

"नक्की सांगाल?" ती मोठ्याने म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "की सायकल होतेय तयार एवढं सांगून परत याल?"

खात्री त्यालाही नव्हती.

दुपारी औषधाच्या दुकानात गर्दी होती. ताई एका हाताने गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरत होती, दुसरा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. कानसेनला बघून तिने आतून खुर्ची ओढून आणली, तीही एकाच हाताने. "बसा काका. माझ्यापायी तुम्हाला हेलपाटा."

"सायकल होतेय तयार," कानसेन म्हणाला.

म्हणजे बायकोने ओळखलं होतं तसंच झालं. तो खुर्चीवर बसला. पुन्हा उठला. गिऱ्हाइकांच्या मधून काउंटरजवळ गेला. "ताई, तुमची चूक नव्हती. पट्टी आधीपासून वाकलेली होती. मी बघितलंच नाही. मला आवाजही आला नाही, कारण मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मी नुसते डोळे मिटून उभा राहत होतो."

ताईने पाकीट खाली ठेवलं. ती त्याच्याकडे न बघता काहीतरी म्हणाली. ओठ हलले, एवढंच त्याला दिसलं. अंदाजाने 'हो हो' म्हणून मान हलवायची त्याला वर्षभराची सवय झाली होती. मान हलायलाही लागली होती.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं. "जरा मोठ्याने बोला. ऐकू नाही आलं."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. ताईने आवाज वाढवला. "तो आवाज खरंच येत होता का, असं विचारलं."

"येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता. माझ्या बायकोलाही आला होता."

"मला वाटायला लागलं होतं, मलाच भास होतात." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच मोठा होता, त्याच्यासाठी ठेवलेला. "घरी सगळे हसतात मला. भाऊ तर रोज जेवताना नक्कल करून दाखवतो, मी गिअर कसा बदलते त्याची."

'माफ करा' हे शब्द कानसेनने तोंडात फिरवले आणि ते इतके हलके वाटले की बाहेर काढले नाहीत.

"काका, घरी येऊन सांगाल हे?" ताई म्हणाली. "मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. तुमचं ऐकतील."

"येतो," तो म्हणाला. "आज येतो."

तिची सुटी व्हायला बराच वेळ होता. कानसेन परत खुर्चीवर जाऊन बसला. येणारी माणसं त्याच्याकडे बघत होती, काही आपसात बोलत होती. ती त्याच्याबद्दलच बोलत असावीत. काय बोलत होती ते त्याला ऐकू येत नव्हतं, आणि तो तिथून हललाही नाही.